लेकीचा कॉम्प्युटर

छापखान्यांसाठी मुद्रितं तपासण्यात माझं आयुष्य गेलं. पुस्तक छापायच्या आधी ते अक्षरन्‌अक्षर वाचायचं, चुका समासात खुणावायच्या आणि कागद परत पाठवायचे, एवढंच काम. या कामात माणूस मधमाश्यांपासून घटस्फोटाच्या कायद्यापर्यंत सगळं वाचतो. त्याला सगळ्यातलं थोडं थोडं कळतं, आणि मग हळूहळू आपल्याला बरंच कळतं असं वाटायला लागतं. हे वाटणं मी बाहेर कधी दाखवलं नाही. चारचौघांत माझं तोंडच उघडत नाही. घरात मात्र, विशेषतः लेकीसमोर, मी कधी कधी सुटतो.

निवृत्तीच्या सुमाराला जी पुस्तकं हातावेगळी केली त्यात घरच्या घरी कॉम्प्युटर कसा दुरुस्त करावा याचं एक जाडजूड पुस्तक होतं. मी ते दोनदा वाचलं, आकृत्यांखालच्या ओळींसकट. छापून आल्यावर एक प्रत मलाही मिळाली. मागे एकदा लेकीकडे जेवायला गेलो असताना त्यांच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो असा विषय निघाला, तेव्हा मी घास हातात धरून पॉवर सप्लाय म्हणजे काय, तो भिंतीतली वीज घेऊन तिची कॉम्प्युटरला पचेल अशी वीज कशी करतो, आणि त्याच्या आतले कपॅसिटर म्हातारे झाले की कसे फुगतात, यावर बराच वेळ बोललो. जावई मान डोलावत ऐकत होते. लेक कौतुकाने बघत होती. घरी येताना ही म्हणाली, "आज गाडी जोरात होती तुमची." मला ते आवडलं होतं.

शनिवारी सकाळी लेकीचा फोन आला.

"बाबा, कॉम्प्युटर गेला."

"गेला म्हणजे?"

"बटण दाबलं की काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. काल जरा जळका वास आला होता."

मागून जावयांचा आवाज आला, "अगं, मी टाकतो ना दुकानात. दोन-चार दिवसांत देतील."

"दोन-चार दिवस? मला परवा कामावर बसायचंय," लेक त्यांना म्हणाली.

ते खरं होतं. नात झाली तेव्हा लेकीने नोकरी सोडली होती. नात आता चार वर्षांची झाली. मधल्या काळात लेकीने किती ठिकाणी अर्ज केले आणि किती ठिकाणांहून नकार आले ते तिने आम्हाला सांगितलं नाही. पण फोनवरच्या आवाजावरून आईबापांना कळतं. शेवटी एका मालवाहतूक कंपनीने तिला हिशेबाच्या कामावर घेतलं. काम घरूनच करायचं. सोमवारी सुरुवात होती, आणि त्याआधी रविवारी दुपारी तिथल्या मॅडम पडद्यावर तिच्याशी बोलून ओळख करून घेणार होत्या आणि सगळं नीट जोडलं गेलंय ना ते बघणार होत्या. स्वतःचा चालू कॉम्प्युटर हवा, ही त्यांची अट होती. जावयांचा लॅपटॉप त्यांच्या ऑफिसचा, त्यावर दुसरं काही करायची मुभा नाही.

"पॉवर सप्लाय असेल," मी म्हणालो. जीभ माझ्या आधी बोलली.

"बघ," लेक जावयांना म्हणाली, "बाबांना फोनवरच कळलं."

ते दोन गल्ल्या सोडून राहतात. तासाभरात जावई कॉम्प्युटरमधून सोडवलेला पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा घेऊन दारात उभे राहिले. डब्यातून रंगीबेरंगी तारांचा झुपका लोंबत होता.

"बाबा, जमेल ना?" ते म्हणाले. "नाही, म्हणजे तुमच्यावर शंका नाही. माझ्या एका मित्राकडे जुना कॉम्प्युटर पडून आहे. म्हणत असाल तर सोमवारपुरता आणून ठेवतो."

"गरज नाही," मी म्हणालो.

जावई जिना उतरेपर्यंत ही गप्प बसली. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात तुम्ही इस्त्रीची वायर बदललीत. तेव्हापासून शेजारीण मला सांगते, तुमचे हे आज काही दुरुस्त करणार असतील तर आधी सांगा, मी फ्रिज बंद करून ठेवते."

"ती वायरच खराब होती."

"वायर नवी होती हो."

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली. पुस्तक पाण्याच्या तांब्याला टेकवून उभं केलं. डब्याचे स्क्रू काढण्यापर्यंत सगळं ठीक होतं. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, डबा भिंतीपासून सुटा केला तरी राहते, आणि ती आधी काढून टाकावी लागते. पुस्तकात आकृती होती: दोन तारा जोडलेला एक साधा बल्ब. मी तसा बल्ब केला. तारा टेकवल्या. बल्ब लागला नाही. म्हणजे वीज आधीच उतरली होती, की माझी तार नीट टेकली नव्हती, ते कळेना. पुन्हा टेकवली. तरी नाहीच.

शेवटी सर्किटची पाटी उचलून बाहेर घेतली आणि मला तो दिसला. बाकी सगळे कपॅसिटर माथ्यावर सपाट होते, एकाचंच डोकं फुगून वर आलं होतं आणि त्यातून तपकिरी डिंक झिरपला होता. दहा जणांच्या नजरेतून सुटलेली चूक आपल्याला सापडली की जो आनंद होतो, तसाच मला झाला. भिंतीकडून येणारी तार पाटीला जिथे कथलाचा डाग देऊन चिकटवली होती, तो सांधाही हलत होता. दोन चुका. मी पुस्तकात पुढचं पान शोधत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली.

"चहा गार होतोय. आणि ते टेबल मला रात्रीच्या जेवणाआधी रिकामं हवंय."

हातात जे होतं ते पानात घालून मी पुस्तक मिटलं आणि उठलो. ही माझी जन्माची सवय. कंगवा, विजेचं बिल, चष्मा पुसायचं फडकं, काहीही मी पुस्तकात खूण म्हणून घालतो. हिची एक केसांची पिन वर्षभराने एका पुस्तकात सापडली होती.

चहा पिऊन बाजारात गेलो. सुट्या भागांच्या दुकानात पाटीवरून काढून कागदात गुंडाळलेला तो फुगलेला कपॅसिटर दाखवला, त्यांनी तसाच नवा दिला. घरी येऊन डाग द्यायला बसलो. पुस्तकात डाग देण्यावर अडीच पानं आहेत आणि त्यातली भाषा फार चांगली आहे. पण कथील तापल्यावर माझ्या मनासारखं वाहिलं नाही. त्याच्या गोळ्या झाल्या, चादरीवर घरंगळल्या. एक बोटावर आली. तिसऱ्या खेपेला कपॅसिटर बसला. सैल सांध्याला मी जास्तच कथील दिलं, आणि डाग द्यायची तापलेली सळई उचलताना पाटीच्या खालच्या अंगाला त्याचं टोक काट्यासारखं निघालं. ते कापून टाकावं का, असा विचार आला. पण पुस्तक मिटलेलं होतं, टेबल रिकामं करायचं होतं, आणि मला डबा बंद झालेला बघायची घाई होती.

पुस्तकातली चाचणी आठवून डब्याची हिरवी तार काळ्या तारेला टाचणीने जोडली आणि बटण दाबलं. डब्याचा पंखा फिरला.

ही हात पुसत बाहेर आली. "फिरतोय की," ती म्हणाली.

"फिरणारच," मी म्हणालो.

रविवारी सकाळी लेकीकडे जाऊन डबा कॅबिनेटमध्ये बसवला. जावयांनी बटण दाबलं, पडदा उजळला. लेकीने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मानलं बाबा तुम्हाला," जावई म्हणाले. "मला वाटलं होतं, तुम्ही फार तर धूळ पुसून द्याल."

"दुकानवाल्यांनी अख्खा डबा बदलायला लावला असता," मी म्हणालो. "हल्ली लोकांना उघडून बघायचीच भीती वाटते."

"ऐकलंस?" लेक त्यांना म्हणाली. "आणि म्हणे दोन-चार दिवस."

नात टेबलाखाली बसली होती. घरातली लिंबूटिंबू म्हणून तिला सगळे लिंबूच म्हणतात. टेबलाखाली तिचं घर आहे: एक उशी, दोन बाहुल्या, आणि कॅबिनेट हे त्या घराचं कपाट. ती उशीवर पडून अनवाणी तळवे कॅबिनेटच्या पत्र्याला लावून गाणं म्हणत होती. मी वाकून तिचा गालगुच्चा घेतला आणि घरी आलो. येताना रस्त्यात मी चक्क शीळ घालत होतो.

दुपारी जेवून पुस्तक घेऊन पडलो. खरं सांगायचं तर वाचायला नाही, काल आपण काय काय केलं ते छापलेल्या अक्षरांत पुन्हा बघायला. पुस्तक आपोआप खुणेच्या पानावर उघडलं. खूण म्हणजे दुधी रंगाचं, जाडसर प्लास्टिकचं एक पान होतं. चारही कोपरे तिरपे कापलेले, स्क्रूसाठी भोकं पाडलेली. क्षणभर मला ते काय आहे ते कळलंच नाही. मग शेजारच्या पानावरची आकृती दिसली. पाटी आणि डब्याचा पत्रा यांच्यामध्ये असतं ते पान. त्याखाली वाक्य होतं: ही पट्टी परत बसवल्याशिवाय डबा बंद करू नये, कारण पाटीचा विजेचा भाग पत्र्याला टेकल्यास बाहेरच्या लोखंडातही वीज उतरू शकते. या वाक्यातला स्वल्पविराम माझा आहे. मूळ प्रतीत तो नव्हता.

मी उठून बसलो. तो काटा भिंतीकडून येणाऱ्या तारेच्या सांध्यावर होता. काटा खालच्या बाजूला, त्याच्याखाली आता नुसता पत्रा. डबा कॅबिनेटला घट्ट आवळलेला, मी स्वतः आवळलेला. त्यांचा एक्सटेन्शन बोर्ड जुना, त्याला अर्थिंग नावापुरतं. आणि कॅबिनेटला लिंबूचे तळवे.

लेकीला फोन लावला. वाजत राहिला. मॅडमशी बोलायची वेळ झाली असणार, तिने आवाज बंद करून ठेवला असणार. जावयांचा नंबर माझ्याकडे आहे. तो मी लावला नाही. ते झोपले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे, 'जावईबापू, डबा बंद करा, मी चुकलो' हे वाक्य माझ्या जिभेवर येईना. सकाळीच ते मला मानलं म्हणाले होते.

"कुठे निघालात उन्हाचे?" हिने विचारलं.

"पाय मोकळे करायला."

"आणि सदऱ्यात काय खुपसलंय?"

"काही नाही."

रस्त्याने झपाझप चालत होतो आणि डोक्यात वाक्यं तयार होत होती. 'वायर जरा तपासायची होती.' हे खोटं वाटेल. 'पुस्तकात नवीन काही वाचलं.' हे मूर्खपणाचं वाटेल. 'एक स्क्रू घट्ट करायचा राहिला.' हे बरं होतं. स्क्रू कुणाचाही राहतो. आयुष्यभर लोकांची वाक्यं दुरुस्त केली, त्या दिवशी स्वतःच्या थापा दुरुस्त करत चाललो होतो, आणि पाय मात्र खरंच घाईत होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तर लेक दाराकडे पाठ करून पडद्यासमोर बसलेली. कानांवर हेडफोन, अंगात बाहेर जायचा चांगला कुडता, केस नीट बांधलेले. मॅडमचा आवाज बारीक पण स्पष्ट ऐकू येत होता. पडद्यावर त्यांचा चेहरा होता, गंभीर, चष्म्याचा.

"मधली चार वर्षं तुम्ही काय केलंत?" त्या विचारत होत्या.

स्वयंपाकघराच्या दारात जावई हातात टॉवेल घेऊन उभे होते. त्यांनी मला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या: काय?

मी मान हलवली. काही नाही.

हे मी केलं. त्यांनी विचारलं होतं, मी नुसतं त्या डब्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी मान हलवली, आणि ते निश्चिंत होऊन आत ताटं पुसायला गेले.

लेक मॅडमना सांगत होती. तिचा आवाज आधी बारीक होता, मग हळूहळू भरत गेला. घरखर्चाचा हिशेब, सोसायटीचा जमाखर्च तिनेच कसा मार्गी लावला, रात्री मुलगी झोपल्यावर कुठला अभ्यासक्रम पूर्ण केला. हे मला काहीच माहीत नव्हतं. मी दाराशी उभा होतो. भिंतीवरचं बटण माझ्यापासून चार पावलांवर होतं. ते दाबलं की तिचं बोलणं मध्येच तुटणार, त्या चष्म्याच्या बाई समजणार की हिच्या घरी काही धड नाही, आणि सगळ्यांना कारण सांगावं लागणार. आता संपेल, मी स्वतःला सांगत होतो. हा प्रश्न झाला की संपेल. मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला. मग तिसरा. सदऱ्यातलं ते प्लास्टिक घामाने पोटाला चिकटलं होतं. टेबलाखाली लिंबूचे पाय दिसत होते. कधी उशीवर, कधी पत्र्यावर. पत्र्यावर गेले की मी श्वास धरत होतो आणि उशीवर आले की सोडत होतो. मूल राखायला ठेवलेला एखादा माणूस असता तर एव्हाना त्याने दहा वेळा तिला उचलून बाहेर काढलं असतं. मी आजोबा होतो, आणि मी श्वास मोजत होतो.

लिंबूने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. मला बघून हसली.

"आजोबा," ती हळू आवाजात म्हणाली, तिलाही गप्प राहायला सांगितलेलं असणार, "कपाट गुदगुल्या करतं."

"कुठे?"

"पायाला. झिणझिण करतं."

चार पावलं मी कशी गेलो आठवत नाही. बटण दाबलं. पडदा काळा झाला, मॅडम अर्ध्या शब्दात गेल्या.

लेकीने हेडफोन उतरवले आणि वळली. "बाबा? तुम्ही कधी... काय झालं?"

जावई धावत बाहेर आले.

"लाइट गेली वाटतं," मी म्हणालो.

डोक्यावर पंखा फिरत होता. लेकीने पंख्याकडे बघितलं. जावयांनी बघितलं. मग लिंबूनेही टेबलाखालून मान वाकडी करून बघितलं. भुईने पोटात घ्यावं असं म्हणतात. मला तेवढंही मागायचा धीर नव्हता. मी सदऱ्यातून पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"ही आत हवी होती," मी म्हणालो. "माझ्याकडे राहिली. हिच्याशिवाय पत्र्यात वीज उतरू शकते. लिंबूच्या पायाला झिणझिण्या आल्या."

लेकीने आधी लिंबूला टेबलाखालून ओढून मांडीवर घेतलं, तिचे तळवे उलटेसुलटे करून बघितले. लिंबूला ती नवीनच गंमत वाटली.

"कुठे राहिली?" जावयांनी विचारलं.

"पुस्तकात."

"पुस्तकात कशी?"

"खूण म्हणून घातली होती."

जावयांना हसू आलं, अगदी मनापासून. लेकीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तसं ते थांबलं. मग त्यांनी शांतपणे लेकीचा मोबाइल उचलला आणि मॅडमना फोन केला. "नमस्कार, मी त्यांचा नवरा बोलतोय. आमच्याकडे जरा विजेचा घोळ झालाय. थोड्या वेळात पुन्हा जोडून घेतो, चालेल ना?" चालणार होतं. माझीच थाप, पण त्यांनी ती माझ्यापेक्षा नीट सांगितली, आणि ती जवळजवळ खरी होती.

त्यांनी खणातून टेस्टर काढला. सगळ्यांना लांब उभं केलं, बटण चालू केलं आणि टेस्टरचं टोक कॅबिनेटच्या स्क्रूला लावलं. टेस्टरमधला लाल दिवा भक्कन लागला.  बटण बंद करून त्यांनी डबा सोडवून उघडला, आणि मी सांगितलं तसा तारा जोडलेला बल्ब टेकवून कपॅसिटरमधली वीज उतरवली, मगच पाटीला हात लावला. काटा पकडीने मीच कापायला गेलो, पण त्यांनी पकड माझ्या हातातून काढून घेतली. "असू द्या बाबा," ते म्हणाले. काटा कापला, पट्टी बसवली, स्वयंपाकघरातल्या अर्थिंगच्या प्लगवरून नवी वायर ओढली. या खेपेला टेस्टर लागला नाही.

"तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका," काम करता करता ते मला म्हणाले. "त्या जुन्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग नसलं की चांगला कॉम्प्युटरसुद्धा चिमटे काढतो. लिंबूला लागलं ते त्यानेही असेल. तुमच्या पुस्तकात असेल बघा."

पुस्तकात आहे. शेवटच्या प्रकरणात, चौकटीत. मला तो मजकूर पाठ आहे, आणि जावई ज्या चांगुलपणाने मला ती पळवाट दाखवत होते तोही कळत होता. पण दारात उभं राहण्याबद्दल त्या चौकटीत काही नाही.

मॅडम पुन्हा पडद्यावर आल्या. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. लिंबू माझ्यासमोर जमिनीवर बसून बाहुलीचे केस विंचरत होती. बाहेरून लेकीचा आवाज येत होता, पहिल्यासारखा भरलेला नाही, पण नीट. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मग उद्या सकाळी भेटू," आणि लेक आभार मानून उठली. जावयांनी चहा टाकला. मी नको म्हणालो, तरी टाकला.

"आई," लिंबू म्हणाली, "आजोबा मघाशी स्टॅच्यू खेळत होते. कितीतरी वेळ. हलतच नव्हते."

"हो का?" लेक म्हणाली. 

चहा तसाच अर्धा ठेवून मी निघालो. लेक माझ्या मागोमाग दारापर्यंत आली आणि दार तिने आपल्या पाठीमागे ओढून घेतलं. जिन्यात आम्ही दोघंच होतो.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही आलात तेव्हा मॅडम मला काय विचारत होत्या?"

तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते. मी बटण दाबायच्या जरा आधी मॅडमनी काय विचारलं होतं तेही मला ऐकू आलं होतं: सुट्ट्या कधी लागतात, असं काहीतरी. ते सांगितलं असतं तर मी तेव्हाच आलो असं तिने मानलं असतं. तिला मानायचंच होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लहानपणीही ती अशीच उत्तराच्या आधी माझ्याकडे बघत राहायची.

"मधली चार वर्षं काय केलंस, ते," मी म्हणालो.

तिने मनात हिशेब केला. हिशेबाचंच काम आता तिचं. चेहरा फारसा बदलला नाही, फक्त डोळे माझ्यावरून निघून जिन्याच्या कठड्यावर गेले.

"म्हणजे सुरुवातीलाच," ती म्हणाली.

"हो."

"आणि लिंबू तिथेच होती."

"हो."

दार किलकिलं झालं आणि लिंबू चपला हातात घेऊन बाहेर आली. मी निघालो की फाटकापर्यंत माझं बोट धरून यायचा तिचा हट्ट असतो. जावई वरून खिडकीतून बघतात आणि ती एकटी पळत परत जाते.

"आज नको, बाळा," लेकीने तिला जवळ घेतलं. "आजोबा दमलेत."

"दमलात?" लिंबूने मला विचारलं.

मी दमलो नव्हतो. मी लेकीकडे बघितलं. ती खाली वाकून लिंबूच्या चपला काढून ठेवत होती.

"हो," मी म्हणालो, आणि कठडा धरून जिना उतरू लागलो.